तुतारीच्या पायातली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. कडी होते, असे म्हणा. आता मी नुसती पट्टी आहे, बोटाच्या पेराएवढी.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला कापले. अंगावर एक आकडा आणि एक पत्ता ठोकला. हा आकडा जगात दुसऱ्या कुणाचा नाही, याचा मला केवढा तोरा होता.

तळ्यावर पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ताईंनी मला एका तुतारीच्या पायात घातले. तुतारी म्हणजे चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे पाखरू. तिला ओंजळीत धरून ताई म्हणाल्या, "हिवाळ्यात जाता कुठे गं तुम्ही? पोचलीस की कळव."

नावाडी हसला. "ताई, लेक सासरी पाठवताय का?"

"लेकी निदान फोन तरी करतात."

तिचा फोन म्हणजे मीच होते, मित्रांनो.

दूरच्या एका दलदलीत आम्ही उतरलो आणि एका प्राध्यापकांच्या जाळ्यात सापडलो. त्यांनी माझा आकडा टिपून घेतला. माझा जीव सुपाएवढा झाला. आता ताईंना कळणार.

त्यांची बायको जाळे सोडवत होती. "अहो, पत्ता आहे यावर. कळवून टाका की."

"आधी माझा लेख छापून येऊ दे. हातचं आपण होऊन कशाला द्यायचं?"

"ठेवा मग उशाशी घेऊन."

पुढच्या हिवाळ्यात तेच. त्याच्या पुढच्याही.

मग एका हिवाळ्यात दलदल नव्हती.

मुरूम होता. तुतारीने चोच खुपसून पाहिली. पुन्हा पाहिली. चोच आत जाईना. काही दिवसांनी ती उठलीच नाही. एका डंपरवाल्याने मला पकडीने उघडले, पाकिटात घातले आणि पत्त्यावर धाडले.

पाकिटावरचे ठिकाण पाहून ताईंनी तिथे पक्ष्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांना फोन लावला आणि माझा आकडा सांगितला.

"ही तर माझ्याकडे तीनदा सापडलीय," ते म्हणाले.

"तीनदा." ताई खाली बसल्या. "आणि माझ्या जाळ्यात कडीवाली एकही परत आली नाही. मी समजत होते, वाटेतच मरतात."

"भराव टाकायच्या आधी सुनावणी झाली. साहेबांनी विचारलं, ही पाखरं येतात कुठून, इथेच कशाला यायला हवीत. माझ्याकडे नुसता आकडा आणि पत्ता होता, पुरावा नव्हता हो."

"कुठून येतात ते माझ्याकडे होतं. एक फोन करायचात."

"आणि तुम्ही आधी छापलं असतं तर?"

ताईंनी फोन ठेवला.

प्राध्यापकांचा लेख आला. चांगला आहे. तळ्यापासून दलदलीपर्यंत रेघ ओढलेला नकाशाही आहे त्यात. नकाशात दलदल निळी आहे.

यंदा तळ्यावर तुताऱ्या आल्या नाहीत. ताईंची जाळी खुंटीवर आहेत.

मित्रांनो, तुमच्या हाती एखादे टोक असेल तर ते मुठीत दाबून ठेवू नका. दुसरे टोक कुणाकडे आहे, ते विचारा. वेळेत विचारा. ताई कधीकधी खणातून मला काढतात आणि बोटांनी वाकवून पाहतात. मी वळते. टोके जुळतात.

आत पाय नसतो.