डाव्या कोपऱ्यातला सांधा

हार्लन टिबेटनं गाडीचं छत कापलं ते फेब्रुवारीत, आणि मे निम्मा सरेपर्यंत ते परत जागेवर बसवलंही. गाडी १९३४ सालची फोर्ड कूपे. खिडक्यांच्या खांबांतून चार इंच पोलाद काढायचं, छत तेवढं खाली उतरवायचं, मग कुठेच काही जुळत नाही, ते जुळवत बसायचं, असं हे काम. कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेलमध्ये पूर्वी दर गल्लीत एक तरी माणूस जुनी गाडी कापून अशी हॉट रॉड बांधत असे. आता बांधणारे थोडे आणि सल्ला देणारे फार, असं हार्लन म्हणायचा, आणि म्हणताना लॉइड पेटिटकडे बघायचा.

लॉइड त्याचा जुना मित्र. दोघांनी उभा जन्म तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डिंग केलं आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. रोज सकाळी लॉइड स्वतःचा कॉफीचा मग घेऊन हार्लनच्या गॅरेजमध्ये यायचा आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा. त्या दिवशी त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि छताच्या सांध्यावरून फिरवलं. भराव केलेल्या जागी ते सुटलं आणि त्याच्या तळहातात पडलं.

"पुट्टी," लॉइड म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"शिसं आहे ते, गाढवा."

"चुंबकाला काय कळतंय? त्याला पुट्टी काय नि शिसं काय. रंग चढला की कुणालाच कळणार नाही."

"मला कळेल."

"तू काय छतावर झोपणार आहेस?"

हार्लननं जोडलेले पाइप सगळे जमिनीखाली गेले होते. वर माती, मातीवर गवत. त्यातला एकही जोड फुटला नव्हता, आणि न दिसणारं काम कसं असावं याबद्दल त्याचं मत तिथेच पक्कं झालं होतं. पुट्टी दोन दुपारींत भरून होते आणि काही वर्षांनी तडकते. शिसं तडकत नाही. आधी पोलादावर कथलाचा हात द्यायचा, मग शिसं-कथलाची कांडी ज्योतीपुढे धरून मऊ करायची आणि मेण लावलेल्या लाकडी थापीनं लोण्यासारखी पसरायची. थोडी आच जास्त झाली तर सगळं घसरून जमिनीवर. कमी झाली तर भुसभुशीत. जुनी माणसं असंच करत, आणि हार्लनला गाडी जुन्या माणसांसारखी हवी होती.

त्या वर्षी घरात आणखी दोन माणसं होती. मुलगी केल्सी नवऱ्याला सोडून परत आली होती, आणि तिची हेझल, अजून दोन वर्षांचीही नसलेली. केल्सी दवाखान्याच्या कँटीनमध्ये कामाला जायची. हेझलला आजी नेल्डा सांभाळायची, पण पोरीचा जीव आजोबांवर. संध्याकाळी गॅरेजचं दार वाजलं की ती "पापॉ" म्हणत स्वयंपाकघरातून पळत यायची. हार्लन तिला उचलायचा आणि तसाच आपल्या आरामखुर्चीत बसायचा. ती त्याच्या शर्टाचं बटण तोंडात धरून कार्टून बघायची. हातपाय धुणं नंतर, जेवायच्या आधी. हात तो नीट धुवायचा. त्या बाबतीत नेल्डानं त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सरळ केलं होतं.

जूनमध्ये हेझलच्या नेहमीच्या तपासणीत बोटातून रक्त घेतलं. नंतर दंडातूनही घेतलं. मग काउंटीच्या आरोग्य खात्याकडून फोन आला, आणि फोनमागून ओकाम्पो नावाची नर्स. ठेंगणी, शांत बाई. तिच्या हातात शिसं मोजणारं, पिस्तुलासारखं एक यंत्र होतं.

"रक्तात शिसं आहे," तिनं सांगितलं. "साडेतीनच्या वर गेलं की आम्ही लक्ष घालतो. हिचं सोळा आहे."

"मग आता काय होणार तिला?" केल्सीनं विचारलं. "ती तर चांगली खेळतेय."

"लगेच काही दिसत नाही. शाळेत गेल्यावर दिसतं. अक्षरं लक्षात राहत नाहीत, एका जागी बसवत नाही. काही मुलांना काहीच होत नाही. कुणाला होईल ते आम्हाला सांगता येत नाही."

"घर जुनं आहे," हार्लन म्हणाला. "खिडक्यांचा रंग बघा. त्या रंगात असतं."

नर्सनं खिडक्यांना यंत्र लावलं. थोडं निघालं, पण रंग कुठे सुटलेला नव्हता. मग ती गॅरेजमध्ये गेली. कामाच्या टेबलापाशी यंत्रातला आकडा चढत गेला. गाडीपाशी तिनं ते लावलंही नाही. छताकडे बघून नुसती मान हलवली. ती परत घरात आली, दारापासून एकेक पाऊल मोजत असल्यासारखी, आणि आरामखुर्चीच्या हातावर यंत्र टेकवलं. मग पाठीवर. मग बैठकीवर.

"इथे कोण बसतं?"

"डॅडी," केल्सी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आणि ती, त्याच्या मांडीवर."

हेझल त्या खुर्चीच्या पायाशी बसून एका डब्याचं झाकण लावत होती आणि काढत होती.

त्या आठवड्यात खुर्ची गेली, गालिचे गेले. नर्सनं सांगितलेलं नेल्डानं पाठ केलं: झाडू नको, साधा व्हॅक्युम नको, त्यानं धूळ उडते, ओलं फडकं, रोज. हार्लननं गाडीवर ताडपत्री टाकली, शिशाच्या कांड्या पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली केल्सीपुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

"मला किल्ली नको, डॅडी. शब्द दे."

"दिला."

ऑगस्टमध्ये आकडा अकरावर आला. नेल्डानं त्या रात्री पीच घालून भाजलेलं गोड कॉबलर केलं. केल्सी बऱ्याच दिवसांनी हसली. हार्लनही हसला, पण त्याला झोप लागली नाही. एकच सांधा राहिला होता. मागच्या काचेचा डावा कोपरा, वीतभर लांबीचा. बाकी छत तुळतुळीत आणि तेवढ्या जागी वेल्डिंगचा ओबडधोबड वळ.

लॉइड दुसऱ्याच दिवशी पुट्टीचा डबा घेऊन आला.

"हे घे. वाढदिवसाची भेट."

"माझा वाढदिवस डिसेंबरात."

"तोपर्यंत तू मेलास तर? भर ती भेग आणि रंगव गाडी. वीतभर पुट्टीनं स्वर्गाचं दार बंद होत नाही."

"ठेव तिथे."

लॉइड गेल्यावर त्यानं डबा उघडला. गुलाबी लगदा कालवला, पात्यावर घेतला, कोपऱ्याशी नेला. नेता नेता तो लगदा पात्यावरच कडक झाला. हार्लननं तो खरवडून कचऱ्यात टाकला आणि ताडपत्रीखाली बराच वेळ बसून राहिला.

त्यानं विचार केला, आणि विचार चुकीचा नव्हता, हेच पुढे त्याला सगळ्यात जड गेलं. शिसं वितळताना आच ताब्यात असेल तर धूर होत नाही. कानशीनं घासलं तर कीस पडतो, तो जड असतो, उडत नाही. उडते ती ग्राइंडरची भुकटी, आणि जूनपर्यंत त्यानं वेळ वाचवायला ग्राइंडर वापरला होता. म्हणजे दोष शिशाचा नव्हता, घाईचा होता. आता घाई करायची नाही. मास्क लावायचा, कानस ओली ठेवायची, कपडे गॅरेजमध्येच बदलायचे, अंगणातल्या नळाखाली डोक्यावरून पाणी घ्यायचं. केल्सी कामावर असताना, हेझल नेल्डाबरोबर वाचनालयात गोष्टी ऐकायला गेलेली असताना. एकदाच.

त्यानं ते केलं. आयुष्यात इतकं सुंदर शिसं त्यानं पसरवलं नव्हतं. थापीखाली ते कोपऱ्याच्या वळणाबरोबर वळलं आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबलं. मग कानस, लांब, सावकाश हात. बोटं फिरवली तर पोलाद कुठे संपलं ते कळत नव्हतं. त्यानं जमीन पुसली, पुन्हा पुसली. सिमेंटच्या चिरांतला कीस मात्र फडक्याला येईना. तो काढायलाच हवा होता. तो त्यानं काढला, सगळा, एक कण न ठेवता. मग नळाखाली उभा राहून गारठेपर्यंत अंग धुतलं.

ऑक्टोबरात हेझलचं रक्त पुन्हा तपासलं. चोवीस.

केल्सीनं कामावर असताना फोन घेतला आणि तशीच, कँटीनचा ॲप्रन न काढता, घरी आली. स्वयंपाकघरात उभी राहून तिनं टॅफ्ट गावी राहणाऱ्या सासूला फोन लावला. हेझल दर शनिवारी तिथे जायची.

"ग्लेंडा, तुमच्या व्हरांड्याचा रंग पोपडे धरून पडतोय, मी स्वतः पाहिलाय. … नाही, ऐकायचं नाहीये मला. इथे आम्ही खुर्च्या फेकल्या, गालिचे फेकले, म्हाताऱ्यानं गाडी सोडली, आणि तुम्ही साधा व्हरांडा खरवडून घेत नाही? … रडू नका. रडून तिचं डोकं परत येणार आहे का? ती आता तिकडे येणार नाही."

हार्लन टेबलाशी बसला होता. पलीकडून ग्लेंडाचं रडणं फोनमधून बारीक ऐकू येत होतं. तो मनात एकेक गोष्ट तपासत होता: मास्क, पाणी, कपडे, बूट. बूटही त्यानं बाहेर ठेवले होते. फट कुठेच सापडत नव्हती. नसेल फट, तर दोष त्याचा नाही. आणि दोष त्याचा नसेल, तर बोलायचं कशाला? त्यानं कॉफी ढवळली. त्यात साखर घातलेली नव्हती.

केल्सीनं फोन ठेवला. "बरोबर बोलले ना मी, डॅडी?"

"तू तिची आई आहेस," हार्लन म्हणाला.

दोन दिवसांनी नर्स आली. ती आधी टॅफ्टला जाऊन आली होती. "व्हरांड्यात काही नाही," तिनं सांगितलं. "रंग नवा आहे, फक्त वाईट मारलाय. तिथे काहीच सापडलं नाही."

केल्सीचा चेहरा उतरला. नर्सनं यंत्र काढलं. दारापाशी काही नाही. स्वयंपाकघरात काही नाही. केल्सी आणि हेझल झोपत त्या खोलीत, पलंगाशेजारच्या लहानशा चटईवर, आकडा चढला. नर्सनं यंत्र उशीला लावलं, आणि तो अजून चढला.

"ही चटई कशानं साफ करता?"

नेल्डा ओशाळली. "तेवढी एकच ठेवली होती. पोरगी पलंगावरून पडते म्हणून. आकडा उतरल्यावर मी म्हटलं… आठवड्यातून एकदा व्हॅक्युम फिरवते. तेवढाच. बाकी सगळं ओलं फडकं."

"व्हॅक्युम कुठे असतो?"

"तिथे, कपाटात. घरातच असतो तो. तो कुठे बाहेर जातच नाही."

तेव्हा हार्लनला फट सापडली. सिमेंटच्या चिरा आणि त्या चिरांतून सुळकन वर जाणारा कीस. किसाखाली बारीक भुकटी होती, मेच्या ग्राइंडरची, महिनोन्‌महिने चिरांत बसलेली. व्हॅक्युमनं ती ओढून घेतली होती. मग त्यानं तो पुसला होता, नळीसुद्धा पुसली होती, दोरी गुंडाळली होती आणि कपाटात जिथल्या तिथे ठेवला होता.

"गॅरेजमध्ये नेला होता मी," तो म्हणाला. "सप्टेंबरात. परत ठेवला."

नर्सनं कपाट उघडलं. यंत्र लावायची गरज नव्हती, तरी तिनं लावलं, कारण तिला ते लिहून घ्यायचं होतं.

"गॅरेजमध्ये कशाला?" केल्सी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डॅडी, गॅरेजमध्ये काय होतं साफ करायला?"

"एक सांधा राहिला होता."

"किती?"

हार्लननं दोन हातांनी लांबी दाखवली. वीतभर. दाखवल्यावर ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"हार्लन," नेल्डा म्हणाली. "मी तो तिच्या उशाशी फिरवला. माझ्या हातानं फिरवला मी."

"तुला माहीत नव्हतं."

"तुला होतं."

केल्सीनं त्या संध्याकाळी पुन्हा टॅफ्टला फोन केला. या वेळी ती अंगणात जाऊन बोलली. ती बराच वेळ बोलत होती आणि त्याहून जास्त वेळ ऐकत होती. शनिवारी ग्लेंडा स्वतःची गाडी घेऊन आली, व्हरांड्याच्या रंगाचे डाग तिच्या बोटांवर अजून होते. ती हार्लनशी काही बोलली नाही. तिनं त्याला नमस्कारादाखल मान हलवली, आणि ती मान हलवणं त्याला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. केल्सी आणि हेझलचं टॅफ्टला न्यायचं सामान फार नव्हतं. कपडे नवे घ्यायचे, असं नर्सनं सांगितलं होतं. खेळणी तर सगळीच टाकली होती.

लॉइड समोरच्या फुटपाथवर उभा होता. त्याला आत यावंसं वाटलं नाही आणि जावंसंही वाटलं नाही.

केल्सी हेझलला कडेवर घेऊन पायऱ्या उतरली. हार्लन ग्लेंडाच्या गाडीच्या दाराशी उभा होता. पोरीनं त्याला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"पापॉ."

हार्लनचे हात कोपरापर्यंत वर आले आणि तिथेच थांबले. "हात धुतलेत मी," तो म्हणाला.

"माहीत आहे, डॅडी," केल्सी म्हणाली. "तू नेहमीच धुतोस."

तिनं हेझलला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि काच वर केली.