जावेच्या डोक्यावरचा मजला

धाकट्या जावेनं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा मी तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन भांडी आपटली. लग्न होऊन आली तेव्हा बाईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता मला शिकवते, "ताई, पैसा जागेत घालावा, वाढतो." जसा काही मी आजवर चुलीत घालत होते.

मग कानावर आलं, तिच्या बरोब्बर वरचा फ्लॅट विकायचाय. माझं तिथंच ठरलं. घ्यायचा, भाड्यानं द्यायचा, आणि तिनं रोज मान वर करून बघायचं. त्यासाठी माझा शिवणाचा गाळा विकावा लागणार होता. नवरा गेल्यावर त्याच गाळ्यानं आम्हाला जगवलं. आजही सूनबाई आणि मी तिथं मशीन मारतो.

मुलगा म्हणाला, "आई, गाळा विकून बसणार कुठे?"

"तुझ्या डोक्यावर," मी म्हटलं.

फ्लॅट बघायला एकटीच गेले. एजंट सारखा मावशी मावशी करत होता. मी तडक बाल्कनी गाठली आणि मनासारखं बघून परत आले.

"उद्या बयाणा देते," गाळ्यावर येऊन सांगितलं.

सूनबाई कापड बेतत होती. "स्वयंपाकघरात उजेड आहे का, आई?"

"असेल की."

"नळाला पाणी?"

"नसायला काय धाड भरलीय?"

"मग तुम्ही बघितलंत काय?"

"पडदे तयार आणलेत. खालची पट्टी वाकडी, एका बाजूला उसवलीसुद्धा."

तिची कात्री थांबली. "रिकाम्या फ्लॅटला पडदे?"

पडदे खालचे होते, जावेचे, बाल्कनीतून वाकून बघितलेले. विकत घ्यायचं घर सोडून मी तिचंच घर बघून आले होते. सूनबाई हसली नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. तिनं नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडल्या, भाडं काय येईल ते विचारलं. घर वाईट नव्हतं. पण ते भाडं आम्हा दोघींच्या शिलाईच्या निम्मंही भरत नव्हतं.

"मावशी, हातचं जाईल," एजंट म्हणाला.

"जाऊ दे."

उतरताना जिन्यात जाऊ उभीच. "काय ताई, वरचा घेताय म्हणे?"

"नाही घेत."

"का हो? परवडत नाही?"

जिभेवर दहा उत्तरं आली. एकही दिलं असतं, तरी ते खरं करायला गाळा विकावा लागला असता. एवढी मी स्वतःला ओळखते.

"नाही परवडत," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा खुलला की वाटलं, आल्या पावली वर जावं आणि बयाणा एजंटच्या तोंडावर मारावा. पाय वळलाही होता. पण सूनबाईनं माझा दंड धरला आणि रस्त्याला लागेपर्यंत सोडला नाही.