बाहेरचा नॉब

माझा धंदाच मुळी बिघाड शोधण्याचा. प्रिन्स्टनजवळच्या एका कंपनीत मी प्रॉडक्शन सपोर्टला होतो. सिस्टीम बंद पडली की जेवताना, आंघोळ करताना, कधीही मला फोन यायचा, आणि मी बिघाड शोधून काढायचोच. याचा मला माज होता. माज हाच शब्द, त्याहून सौम्य शब्द मी शोधत बसत नाही.

२००५ सालच्या सप्टेंबरात शैलाआत्या नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आली. तिनं लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि भाच्याला, म्हणजे मला, इंजिनिअरिंगची चार वर्षं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्या चार वर्षांत एकही रात्र अशी गेली नाही की आत्यानं अंथरुणातून विचारलं नाही, "केदार, गॅस बंद केला का रे?" मी हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. उठून ओट्याखालचा सिलिंडरचा नॉब स्वतः चाचपायची, मगच पाठ टेकायची. तिच्या एका विद्यार्थिनीच्या घरी रात्रभर गॅस गळून सकाळी भडका उडाला होता, तेव्हापासूनचं हे व्रत.

अमेरिकेत तिला एकच गोष्ट बघायची होती. न्यूयॉर्क नको, नायगारा नको. यलोस्टोनमधला ओल्ड फेथफुल, जमिनीतून ठरल्या वेळी उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा. एकतीस वर्षं तिनं त्याचं चित्र खडूनं फळ्यावर काढलं होतं. "जे आपण पाहिलंच नाही ते पोरींना शिकवायचं, म्हणजे चोरीच की," ती म्हणायची. "एकदा बघितलं की चोरी फिटली."

ऑक्टोबरात लाँग वीकेंड आला. आम्ही यलोस्टोनजवळच्या बोझमनपर्यंत विमानानं गेलो आणि तिथून एक कॅम्पर भाड्यानं घेतला. चाकांवरचं घरच ते: शेगडी, बिछाने, आणि गारठ्यासाठी गॅसवर चालणारी फर्नेस. भाड्यानं देणारा डेल नावाचा म्हातारा हरेक वस्तू दाखवत होता, तेव्हा मी ऑफिसच्या फोनवर होतो. माझी बायको रुपाली सामान चढवत होती. डेलच्या मागे मागे फिरली ती आत्या, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान हलवत.

फोन संपल्यावर मी आत्याला माझा नियम ऐकवला. "आत्या, इथल्या कुठल्याही बटणाला मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस हं." तसं आदल्याच आठवड्यात तिनं आमच्या घरचा स्मोक अलार्म वाजवून शेजारपाजार गोळा केला होता. ती "बरं" म्हणाली.

शनिवारी दिवेलागणीला आम्ही पार्कमधल्या कॅम्पग्राउंडवर पोचलो. फवारा तिथून फक्त सोळा मैलांवर. आत्यानं शेगडीवर खिचडी केली. तिला झोप येईना. "उद्या या वेळेला माझं बघून झालेलं असेल," ती दोनदा म्हणाली. झोपण्याआधी ती शाल गुंडाळून जरा बाहेर जाऊन आली. चांदण्या बघायला गेली असेल, असं मला वाटलं.

सकाळी जाग आली तीच थंडीनं. नाकाचा शेंडा बधिर झालेला. थर्मोस्टॅटवर अडतीस. म्हणजे फॅरेनहाइट, आपल्या हिशेबानं जेमतेम तीन. मी फर्नेस लावली. पंखा घरघरला, टिक टिक टिक झालं आणि पुन्हा नुसता पंखा. वारा येत होता, तोही गार. ज्योत काही पेटेना.

आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. बिघाड! मी बाह्या सरसावल्या.

रुपालीला आधी चहा करायचा होता. मी तिला थांबवलं. "कुणीही गॅस लावायचा नाही. लीक असला तर? आधी मला कारण कळू दे." मीटरवर टाकी पाऊण भरलेली दिसत होती, म्हणजे गॅसचा प्रश्नच मिटला, असा निकाल मी देऊन टाकला. आत्या चहाशिवाय कानटोपी घालून बसली. चहाशिवाय तिचं डोकं चढतं हे मला कॉलेजपासून माहीत होतं.

"केदार, आधी फवारा बघून येऊ या ना," रुपाली म्हणाली. "सोळा मैल तर आहे. आल्यावर कर तुझं ट्रबलशूटिंग."

"आणि रात्री आत्या कुडकुडली म्हणजे? फवारा कुठे पळून जात नाही. तासाभरात करतो."

आत्याचं नाव मी पुढे केलं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. एक यंत्र मला दाद देत नव्हतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

मी फ्यूज बदलला. बॅटरी कमी असेल म्हणून इंजिन चालू ठेवलं. बाहेरची धुराडी रुपालीच्या टूथब्रशनं साफ केली, त्यावरून तिचं नि माझं वाजलं. मग कव्हर उघडून आतली ती बारीक पट्टी तपासली, जी पंख्याच्या वाऱ्यानं उचलली गेल्याशिवाय फर्नेस ठिणगी देत नाही. पट्टी व्यवस्थित उचलली जात होती. ठिणगीही पडत होती. मी वहीत एकेक कारण लिहून काट मारत होतो.

"अरे केदार," आत्या दारातून म्हणाली, "तो बाहेरचा..."

मी हात वर केला. "आत्या, एक मिनिट. मला विचार करू दे."

अर्ध्या तासानं ती पुन्हा आली. "मी काय म्हणते, काल रात्री..."

"आत्या, प्लीज! तुला यातलं कळत नाही."

ती आत जाऊन बसली. पुन्हा ती दाराशी आली नाही.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला नाही कळलं. चार वर्षं रोज रात्री जो प्रश्न ऐकला, तो मला आठवला नाही.

मोबाइलला रेंज नव्हती. अकराच्या सुमाराला मी चालत जाऊन तिथल्या सार्वजनिक फोनवरून भाड्यावाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, बाहेर टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना?"

"ऑफ कोर्स," मी म्हणालो. मी तो पाहिलाही नव्हता. कुठे असतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण मला इतका बाळबोध प्रश्न विचारावा, याचाच मला राग आला.

"मग इग्निशनचा बोर्ड गेला असेल," ती म्हणाली. हे ऐकून माझं समाधान झालं. बोर्ड, म्हणजे ज्योत पेटवणारं सर्किटच जाणं, हा कसा मानाचा बिघाड.

परत येऊन मी तो बोर्ड काढला, पुसला, बसवला. पुन्हा काढला. दोन वाजता बर्फाची भुरभुर सुरू झाली. अडीचला पार्कचा रेंजर खिडकीवर टकटक करून सांगून गेला की वादळ येतंय, फवाऱ्याकडे जाणारा रस्ता बंद केलाय, बोझमनला जाणारा उत्तरेचाही आता बंद होईल, लगेच निघा. सोमवारी दुपारचं आमचं विमान होतं.

"जाता जाता लांबून तरी?" आत्यानं विचारलं.

"रस्ता उलट्या दिशेला आहे, आत्या."

"बरं," ती म्हणाली, आणि बोझमन येईपर्यंत खिडकीच्या काचेवरची वाफ शालीच्या टोकानं पुसत राहिली. बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी डेलला कॅम्पर परत दिला आणि त्याला माझी वही दाखवली. बारा कारणं, बाराही काट मारलेली. त्यानं वही वाचली नाही. तो कॅम्परच्या कडेला गेला, खालचं एक छोटं झाकण उघडलं, आतला नॉब फिरवला, मग आत जाऊन फर्नेस लावली. टिक टिक, भप्प. अर्ध्या मिनिटात गरम हवा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"कुणीतरी बंद केला होता," डेल हसत म्हणाला.

मी वळून आत्याकडे पाहिलं. तिचा चेहराच सांगत होता.

"तू बंद केलास? आत्या, मी तुला सांगितलं होतं ना, कशाला हात लावू नकोस म्हणून! काल दिवसभर मी मरमर मरत होतो आणि तू गप्प बसलीस? तुझ्यामुळे, फक्त तुझ्यामुळे सगळी ट्रिप वाया गेली!"

रुपालीनं माझा दंड धरला. मी तो झटकला.

"सवय रे," आत्या हळूच म्हणाली. "मला वाटलं, तू सर्वांत आधी तेच बघशील. तुला माहीत आहे ना, मी बंद करते ते."

डेलला मराठी कळत नव्हतं, पण बाकी सगळं कळलं असावं. तो म्हणाला की नॉब त्यानंच तिला दाखवला होता, गाडी चालवताना बंद ठेवायचा असतो म्हणून. "सगळ्यांना दाखवतो. लक्ष देणारी ही पहिलीच. तू फोनवर होतास."

मी तिची माफी मागितली नाही. विमानात मागेन म्हटलं, मग घरी गेल्यावर मागेन म्हटलं. ती आणखी दोन महिने राहिली. त्या दोन महिन्यांत तिनं शेगडीला, मायक्रोवेव्हला, दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावला नाही. आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. आत्या शिकली, असं वाटलं.

त्यानंतर मी नागपूरला गेलो तो २००७ च्या दिवाळीत. आत्याकडे फराळाला वीणाकाकू आल्या होत्या, तिच्या शाळेतल्या जुन्या सोबतीण. चकली मोडता मोडता त्या मला म्हणाल्या, "नशीब काढलं हो शैलाबाईंनी! सख्खी पोरं नेत नाहीत, आणि तुम्ही आत्याला फवारा दाखवून आणलात."

मी आत्याकडे पाहिलं. ती चिवडा वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "दीडशे फूट उंच, वीणा. दर पासष्ट मिनिटांनी, घड्याळ लावून घ्यावं. आणि थंडी म्हणजे काय, बाप्पा! हा सकाळपासून माझ्यासाठी हीटर लावायला धडपडत होता."

पासष्ट हा तिच्या जुन्या पाठ्यपुस्तकातला आकडा. आता तो नव्वदच्या आसपास येतो, हे मी जाण्याआधी इंटरनेटवर वाचलं होतं. तिथे गेलेल्या कुणालाही ते कळलं असतं.

"काय रे केदार, दीडशेच ना?" आत्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "दीडशे."

एकतीस वर्षांची चोरी फिटावी म्हणून ती अमेरिकेला आली होती. मी तिला आणखी एक चोरी करायला लावली, तीही माझी अब्रू राखायला.

काकू गेल्या. आमची जेवणं झाली. आत्यानं ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. मग ती खाली वाकली, तिचा हात सिलिंडरच्या नॉबपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"केदार," तिनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "बंद करू का रे गॅस?"

तिचं घर, तिची शेगडी, तिचा सिलिंडर. तोंडातून फक्त "हो" निघालं.

मग तिनं तो बंद केला.