कानगुरूंचा रिमॅप

गॅरेजसमोरची रांग फुटपाथ सोडून रस्त्यावर आली होती. मोटारसायकली एकीला एक लागून उभ्या, प्रत्येकीला नवाकोरा सायलेन्सर, आणि प्रत्येकीचा मालक निकालाच्या दिवशी शाळेत आल्यासारखा धास्तावलेला. शटरच्या आत कानगुरू एका गाडीच्या टाकीला कान लावून, डोळे मिटून उभे होते. गर्दीनं श्वास रोखून धरला होता.

"ही रडतेय," कानगुरू म्हणाले. "बाहेरून नटवलीत हिला, पण आतला नकाशा जुनाच ठेवलात. तो मी बदलतो."

मग पडदा ओढला गेला, कारण म्हणे इंजिनाला परक्याची नजर चालत नाही. चहा पिऊन होईपर्यंत पडदा उघडला. सीटखाली काळी डबी, तिच्यात लुकलुकणारा हिरवा दिवा. मालक एक चक्कर मारून आला तो हसतच. "मूठ जरा पिळली की उधळते हो," तो सांगत सुटला आणि चार जणांनी त्याचा व्हिडिओ काढला.

माझा धाकटा भाऊ माझ्याकडे असा बघत होता, की जणू हे सगळं त्यानंच घडवून आणलंय. त्याची गाडी गेल्या महिन्यात या पडद्यामागे जाऊन आली होती.

मी हाडांची डॉक्टर. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, पण वाचून पाहिलं तर कानगुरूंच्या बोलण्यातलं अर्धं खरं निघालं, हीच पंचाईत. मोकळा सायलेन्सर लावला की इंजिनात हवा जास्त खेळते. गाडीतला छोटा संगणक मात्र जुन्याच हिशेबानं पेट्रोल देत राहतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, की इंजिन आतून तापतं. त्या हिशेबालाच मॅप, म्हणजे नकाशा म्हणतात आणि तो बदलणं म्हणजे रिमॅप. ते खरंच करतात, पण गाडी रोलरवर चढवून, धूर तपासून, वेळ घालवून करतात. कान लावून नव्हे.

भावाच्या गाडीचा पाइप इंजिनाजवळ निळा पडला होता. गुरू म्हणाले, तेज चढलंय. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट बार निघत. गुरू म्हणाले, बोलायला लागली. उद्या भाऊ त्याच्या बायकोला मागे बसवून याच गाडीवरून घाट चढणार होता, आणि तेच मला होऊ द्यायचं नव्हतं.

कारण त्याचा जिवलग मित्र माझ्याच वॉर्डात पडून होता. त्याचीही गाडी कानगुरूंनीच केलेली. भर वेगात पिस्टन जाम झाला, मागचं चाक अडकलं आणि तो फेकला गेला. मांडीच्या हाडात सळई मी स्वतः घातली होती.

"चूक माझीच, डॉक्टरताई," तो मला म्हणाला होता. "गुरूंनी निरोप पाठवला, तुझ्या मनात शंका होती म्हणून असं झालं. होतीच शंका. नाहीतर माणूस खरा आहे हो. गाडीबरोबर त्यांनी माझं मनगटसुद्धा बरं केलं. रोज ठणकायचं, रिमॅप झाला आणि थांबलं."

मनगटाचं मी भावाकडूनही ऐकलं होतं. रांगेतले आणखी दोघे तेच सांगत. लोकांना तो जोडीचा चमत्कार वाटत होता. मला मात्र ते खुपत राहिलं. संगणकाचे आकडे बदलून मनगटाची सूज उतरत नाही. दुखणं थांबलं असेल, तर मनगटाचं काम कमी झालं असणार.

सांधे किती वळतात ते मोजायचं साधन माझ्या बॅगेत असतंच. त्या सकाळी ते मी भावाच्या गाडीच्या मुठीला लावलं, मग शेजाऱ्यांच्या त्याच मॉडेलच्या गाडीला. भावाची मूठ बरीच कमी वळून टोकाला पोचत होती. मी दोन्ही मुठींचे स्क्रू काढले. हाडांच्या डॉक्टरला ते शिकवावं लागत नाही. आत केबल जिच्यावर गुंडाळली जाते ती नळी शेजाऱ्यांच्या गाडीतल्या नळीपेक्षा जाड होती. जाड रिळावर एका फेऱ्यात जास्त दोरा बसतो, तसंच हे. थोडं पिळलं तरी केबल जास्त ओढली जाणार आणि गाडी उसळल्यासारखी वाटणार. इंजिन होतं तसंच, तापलेलं आणि उपाशी.

"म्हणजे गुरूंनी दोन्ही केलं," भाऊ म्हणाला. "नकाशाही आणि मूठही. तू उगाच मोडता घालू नकोस."

"मग मला एकदा तिथं घेऊन चल," मी म्हटलं. म्हणून आम्ही त्या रांगेत होतो.

मी साधी नळी विकत घेऊन ठेवलेली होतीच. रांगेत आमच्या पुढे त्याच मॉडेलची एक गाडी उभी होती, मालक टपालवाला. अजून पडद्याआड न गेलेली. पाच मिनिटं गाडी द्याल का, विचारलं, तर तो वैतागूनच हो म्हणाला. भावाच्या मुठीतली जाड नळी काढून मी टपालवाल्याच्या गाडीत बसवली आणि भावाच्या गाडीत साधी घातली. का करतेय ते दोघांना सांगितलं नाही. भाऊ शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

टपालवाला चक्कर मारून आला आणि थेट शटरकडे वळून म्हणाला, "झाली की हो माझी. गुरुजी, कधी केलीत?"

गर्दीत हशा पिकला. कानगुरूंनी टाकीवरचा कान उचलला.

"आता तू जा," मी भावाला म्हटलं. तो गेला आणि सावकाश परत आला.

"पहिल्यासारखी झालीय. सुस्त."

"आणि डबी?"

त्यानं सीट उचलली. हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता. डबीची वायर मी धरून ओढली. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, चिकटपट्टीनं सांगाड्याला डकवलेलं होतं. मग मी दोन्ही नळ्या सगळ्यांसमोर धरल्या आणि काय केलं ते सांगितलं.

"बाई, यंत्रालाही मन असतं," कानगुरू म्हणाले. "वॉर्डातल्या त्या पोराचा विश्वास कमी पडला."

मी भडकले. "विश्वास पिस्टनला कळत नाही. हवा किती आणि पेट्रोल किती, एवढंच त्याला कळतं. ते तुम्ही बदललंच नाही. पडदा काढा आणि सगळ्यांसमोर करून दाखवा." मग गर्दीकडे वळून म्हटलं, "गाडी पळतेय असं वाटलं, तर नेमकं काय बदललं ते विचारा. जो दाखवत नाही, त्याच्या हातात जीव देऊ नका."

पडदा निघाला नाही. काही गाड्या रांगेतून वळल्या. बऱ्याच तिथंच राहिल्या. कोणीतरी म्हणालं, पण मजा तर येते ना.

भाऊ मान खाली घालून उभा होता. "ताई," तो म्हणाला, "त्याला इथं मी आणलं होतं. तो नको म्हणत होता."

तेव्हा मला कळलं, तो गुरूंची बाजू एवढा का लावून धरत होता. गुरू खोटे ठरले, तर मित्राच्या मोडलेल्या पायाचा दोष कुठं जाऊन बसणार, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मला त्याची कीव आली. तरी मी खोटा धीर दिला नाही.

"जाऊन सांग त्याला," मी म्हटलं. "त्याचा विश्वास कमी पडला नव्हता, इंजिनाला पेट्रोल कमी पडलं होतं. तो बिचारा तिथं स्वतःला दोष देत पडलाय."

भावानं बायकोला फोन करून उद्याचं रद्द केलं. गाडी सुरू न करता ढकलत हॉस्पिटलपर्यंत नेली. मी वॉर्डाच्या दारात थांबले. त्यानं सगळं सांगितलं, नळीचं, डबीचं, काही वगळलं नाही.



"म्हणजे माझी शंका बरोबर होती," मित्र म्हणाला.

"हो."

"मग तेव्हा ऐकायचं होतंस रे माझं."

भाऊ स्टूल ओढून पलंगाजवळ बसला.