सावित्रीकाकूंचं बोट

निलेशच्या टॅक्सीतला इंजिनाचा पिवळा दिवा दिवाळीपासून पेटलेला होता. त्यावर त्याने गणपतीपुळ्याच्या गणपतीचा स्टिकर लावला. मे महिन्यात एका पुणेकर प्रवाशाने विचारलं, "काका, ही प्रभावळ बॅटरीवर चालते का?" तेव्हा तो रत्नागिरीत बाळाच्या गॅरेजला गेला. मागच्या सीटवर आई, कमळाबाई, होत्या. चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेली. दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे आणावं लागे.

"ऑक्सिजन सेन्सर गेलाय, निलेशदा," बाळा म्हणाला. "धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो इंजिनाला सांगतो. नवा यायला चार दिवस."

"सीझनात चार दिवस गाडी उभी? दुसरं काय ते सांग."

"बायपास. पण मी कर म्हणणार नाय."

"बायपास हृदयाचा ना?" कमळाबाईंनी विचारलं. "मालनच्या घोवाचा केला. अजून माड चढतो मेला."

"हा उलटा, आजी. यात दुखणं तसंच राहतं, सांगणारा गप्प होतो. पेट्रोल जास्त जळतं, सायलेन्सरची जाळी चोंदते, एक दिवस चढाला दम लागतो."

"पावसापर्यंत चालेल?"

"चालेल. बिघडतंय ते कळणार नाय, एवढंच."

"बरं आहे की," कमळाबाई म्हणाल्या.

दिवा विझला. स्टिकर राहिला, देवाला आता फक्त देवाचं काम उरलं.

डॉक्टरांनी कमळाबाईंनाही बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र दिलं होतं. रोज सकाळी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा वहीत लिहायचा. नव्वदच्या खाली आला की थेट भरती. मागच्या भरतीत निलेशची गाडी बारा दिवस दारात उभी होती. तेव्हापासून कमळाबाई इस्पितळाचं नाव काढू देत नसत.

वहीत आकडे झकास येऊ लागले. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. निलेशने पंधरवड्याची खेप पुढे ढकलली, मग आणखी एकदा.

शेजारच्या सावित्रीकाकू लेकीकडे दापोलीला गेल्या आणि वही दोन दिवस कोरी राहिली.

"आई, आकडा?" निलेशच्या बायकोने, दर्शनाने, विचारलं.

"सावित्री येऊ दे गो," कमळाबाई म्हणाल्या, आणि स्वतःचं बोट पदराखाली घेतलं.

वहीवरून पाहता सावित्रीकाकूंची प्रकृती उत्तम होती.

निलेशने यंत्र आईच्या बोटाला लावलं. एक्याऐंशी.

रत्नागिरीच्या वाटेवर, आरे-वारेच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. मागे आई दर्शनाच्या खांद्यावर टेकून तेच करत होती.

"दिवा लागलाय काय रे?"

"नाय, आई."

"मग काय झालं तिला?"

अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. मागून आलेल्या मासळीच्या टेम्पोत त्याने आईला उचलून पुढे बसवलं.

"माझ्यापायी तुझी गाडी परत उभी राहिली, बाबू," ती म्हणाली.

"ती माझ्यापायी राहिली."

इस्पितळात ऑक्सिजनची नळी लावली. नर्सने बोटाला चिमटा लावला तसा कमळाबाईंनी हात चादरीखाली ओढला. निलेशने तो अलगद बाहेर काढला आणि धरून ठेवला. दुसऱ्या हाताने त्याने बाळाला फोन लावला.

"नवा सेन्सर मागव. येईपर्यंत तुझी ती जोडणी काढून टाक."

"दिवा पेटेल, निलेशदा."

"पेटू दे."

यंत्रावर त्र्याऐंशी होतं. दर्शनाने वही उघडली आणि त्र्याऐंशीच लिहिलं.