गाठबाबा आणि पाटोडीचा रस्सा

देवराव कोष्ट्याच्या ओट्यापुढे त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतले माग मुके झाले होते, कारण विणणारे सगळे हात जोडून उभे होते. सक्करदऱ्याच्या तळ्यावर मुक्काम ठोकलेले गाठबाबा आज खुद्द गल्लीत आले होते.

मानेवर किंवा जबड्याजवळ आलेली गाठ गाठबाबा नुसत्या श्वासाने ओढून काढत. चिरा नाही, रक्त नाही. वेळूच्या नळीचं एक टोक रोग्याच्या गालाला लावायचं, दुसरं स्वतःच्या तोंडात धरायचं आणि असा काही श्वास ओढायचा, की बघणाऱ्याचे डोळे बाहेर यावेत. मग पितळी ताटात थुंकायचं. टण्ण! गाठीचा गोटा ताटात.

"अन् रोग्याची गाठ तशीच दिसली तर?" शेजारच्या मनोहरराव मास्तरांनी विचारलं.

"ते रिकामं टरफल राह्यते, मास्तर," बाबांचा चेला म्हणाला. "सव्वा महिन्यात वाळते. मात्र दवाखान्याचा वारा लागू द्यायचा नाही. लागला, की टरफल पुन्हा भरते."

बाबा स्वतः बोलत नसत. "हुं", "म्ह", "न्हं" एवढंच. त्याचा अर्थ चेला सांगे. बाबांचा डावा गाल जरा फुगलेला असे. त्याचाही अर्थ चेल्याकडे तयार होता. "लोकाइचा रोग बाबा सोताच्या जबड्यात घेतात, माय!" हे ऐकून बायका पदर डोळ्याला लावत.

आज ओट्यावर बसायची पाळी देवरावाच्या बायकोची, गोपिकेची होती. तिच्या उजव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर सुपारीएवढी गाठ आली होती. आली तेव्हा चिंचोक्याएवढी होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती. म्हणून तिने वर्षभर पदराआड ठेवली. शेवटी मास्तरांनी देवरावाच्या मागे लागून तिला बायकांच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या चारुशीलाबाई डॉक्टरनी गाठ बोटांनी चाचपली, तोंडात बघितलं आणि म्हणाल्या, "ही वाढतेय. काढावी लागेल. सोमवारी ये."

सोमवार उद्यावर आला होता. गोपिकेच्या डोळ्यांपुढे रात्रंदिवस सुरी नाचत होती. तोंड वाकडं झालं तर? मेलेच तर? त्यापेक्षा ही नळी काय वाईट! सासूने, इंदुताईने, बाबांचं नाव काढताच तिने सांगून टाकलं, "टांगा सांगू नका. मी नाही जात दवाखान्यात." तिचा बाबांवर विश्वास होता असं नाही, सुरीची भीती मात्र पक्की होती.

बाबा आसनावर बसले. चेल्याने धूप घातला. नळी बाहेर निघाली. तेवढ्यात इंदुताई आतून ताट घेऊन आली.

"थांबा, महाराज. आमच्या ओट्यावर आलेला मानूस आधी दोन घास खाते, मंग कामाले लागते. माह्या सासऱ्यापासूनचा नेम हाये."

ताटात भाकरी होती आणि वाटीत पाटोडीचा रस्सा. कोष्टीपुऱ्यातला रस्सा तो! वर बोटभर लाल तर्री. वासानेच पुढच्या रांगेतल्या दोघांना ठसका लागला.

"न्हं! न्हं!" बाबांनी जोरात मान हलवली.

आता चेला काल दुपारपासून उपाशी होता. गुरू जेवल्याशिवाय चेल्याला वाढायचं नाही, हा इंदुताईचा दुसरा नेम त्याला सकाळीच कळला होता. त्याने एकदा रश्श्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे.

"बाबा म्हनून राहिले, माउलीचा प्रसाद कधी नाकारू नये!"

"न्हं न्हं न्हं!"

"म्हनतात, वाटी भरून द्या!"

बाबांनी डोळे वटारले. पण बोलणार कसे? लोकांनी "जय हो" केला. इंदुताईने वाटी थेट ओठांना लावली. "घ्या, महाराज. लाजू नका."

एवढ्या लोकांसमोर बाबांनी एक घोट घेतला. क्षणभर काही झालं नाही. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, नाकाला धार लागली, पोटातून एक ठसका निघाला आणि तोंड फाटल्यासारखं उघडलं. टण्ण! टण्ण! टण्ण! तीन गोटे ताटात.

"पानी! पानी दे वं माय, मेलो!" बाबा ओरडले. खणखणीत, स्वच्छ बोलले. डावा गाल चपटा झाला होता.

सगळ्यांच्या माना ताटाकडे वळल्या. गोपिकेने पदर बाजूला सारला, स्वतःच्या गाठीवर बोट ठेवलं. होती तिथेच होती. मग तिने ताटात वाकून बघितलं.

"काहून गा, बाबा? अजून नळी माह्या गालाले लागली नाही, अन् माहे गोटे तुह्या ताटात कसे?"

आधी एक पोरगी हसली, मग सगळी गल्ली. मास्तरांनी अख्खी सुपारी गालात ठेवली, नळी ओट्याच्या खांबाला लावली, डोळे फिरवत श्वास ओढला आणि ताटात थुंकले. टण्ण! "घ्या! खांबाची गाठ निघाली. आता सव्वा महिना याला दवाखान्यात नेऊ नका!"

बाबा गर्दीतून कधी निसटले कळलं नाही. चेला मात्र बसून राहिला. "मावशी, आता तरी वाढता का?" इंदुताई कपाळाला हात लावून आत गेली आणि भाकरी घेऊन आली. नेम तो नेम.

गोपिका हसत नव्हती. हसणं ओसरल्यावर ती देवरावाला म्हणाली, "टांगा सांगा, उद्याचा."

दवाखान्यात तिने ही हकीकत सांगितली तेव्हा डॉक्टरबाई आधी पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या. "जबड्याजवळची गाठ पुष्कळ कारणांनी येते, बाई. दात किडला, घसा बिघडला, की तिथल्या गाठी सुजतात. क्षयाची गंडमाळ असते, तीही कधी दुखत नाही. नुसती चरबीची गुठळी असते. लाळेच्या नळीत खडाही होतो, पण मग जेवताना गाल फुगतो, दुखतो. आणि तो खडा नदीतला नसतो. तुझी गाठ लाळेच्या ग्रंथीतच वाढतेय. बहुतेक साधी आहे. पण बाहेरून हात लावून खात्री देता येत नाही, आणि दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, असंही नाही. आणखी काही वर्षं थांबली असतीस, तर मला इतक्या निवांतपणे बोलता आलं नसतं."

गाठ निघाली. साधीच निघाली. गोपिकेचं हसू काही आठवडे एका बाजूला जरा कललेलं राहिलं, मग सरळ झालं. कानाखाली बारीक वण उरला. तो ती पदराआड लपवत नसे. कुणी बाई गाल झाकून दिसली, की मुद्दाम दाखवी आणि हात धरून दवाखान्यात नेई.

बाबांचे तीन गोटे इंदुताईने धुऊन लोणच्याच्या बरणीत फोडींवर दाब म्हणून ठेवले. "इतके दिवस लोकाइले दाबलं," ती म्हणे, "आता आंब्याले दाबा."

तेव्हा मंडळी, हात जोडायचे तर खुशाल जोडा, कुणाची ना नाही. पण रोग बरा करतो म्हणणाऱ्याला आधी एवढंच सांगा: महाराज, जरा तोंड उघडा. आणि स्वतःच्या अंगावरची गाठ दुखत नसली, तरी ती जाणत्या डॉक्टरला दाखवा. भीती वाटेल. गोपिकेलाही वाटली होती. ती भीत भीतच टांग्यात चढली.