दोगांपरास तिगं

पुणतांब्याच्या शिवारात कारभारीची मोसंबीची बाग. त्या दिवशी सकाळीच साळूबाईनं एक पान तोडून नवऱ्याच्या नाकाला लावलं.

"बघा, पालथं करून बघा! लाल कोळी कसा बुजबुजलाय. तुमी आपलं येकच औषध मारताय. आता ते त्येला गूळ-शेंगदान्यावानी लागतंय!"

कारभारीनं पान पालथं करून पाहिलं. दुष्काळाच्या साली दोघांनी घागरी वाहून जगवलेली झाडं ती. आता कोळ्यानं रस शोषून पानं राखेगत फिकी पडली होती. दरसाल बागेची फळं घेणारा नबीलाल बागवान तर सांगूनच गेला होता, कोळी हटल्याबिगर बाग घेणार नाही.

कारभारीनं तालुक्याचं राहाता गाठलं, शेतकीच्या साहेबाला पान दाखवलं. साहेबानं दोन औषधं सांगितली. एक हिंडत्या कोळ्यावर, दुसरं अंड्यांवर. दोन्ही एकत्र कालवायची आणि पानाच्या खालनं मारायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं पिंपात दोन्ही कालवली. इथवर ठीक होतं. पण आमच्या कारभारीचा हात कधी वेळेवर थांबलाय? कोपऱ्यात बुरशीवर मारायचा मोरचूद-चुना उरला होता. "दोगांपरास तिगं बरं," म्हणत त्यानं तोही ओतला.

घटकाभरात पिंपात गुठळ्याच गुठळ्या. पंपाचं तोंड चोंदलं.

साळूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवं, इरजन कुनी लावलं? रवी आनू का?"

कारभारी मटकन बांधावर बसला. "हास, हास. औषध गेलं, आता बागबी जातीया."

त्याचा आवाज ऐकला अन् तिचं हसू विरलं. "उठा. निम्मं औषध मी मागं ठिवलंय."

"का गं?"

"इतकी वर्सं नांदले न्हवं तुमच्यासंगं?"

नासलेलं पाणी लांब खड्ड्यात गाडलं. पिंप धुतलं, तोंडाला फडकी बांधली. साळूबाईनं औषध मोजून कालवलं, कारभारीनं कमरेत वाकून एकेक फांदी खालनं भिजवली. संध्याकाळी त्याला सरळ उभं राहता येईना, पण झाड एक सुटलं नाही.

पंधरवड्यानं कोवळी हिरवी पालवी फुटली. नबीलालनं चार झाडांची पानं पालथी करून पाहिली आणि मान डोलावली.

"बाग घेतली, कारभारीभाऊ. आता येक काम करा. माझ्या मेव्हन्याच्या बागेतबी कोळी पडलाय. जरा येऊन औषध मारा की."

कारभारीनं ऐटीत फेटा सावरला. तेवढ्यात साळूबाई म्हणाली, "न्या की, भाऊ. पन मलाबी न्यावं लागंल. ह्ये येकटे लागू पडत न्हाईत."